दोन घाण्यांच्या मधे

मटणाचा पहिला घाणा परतून ताटात काढला की कढईच्या बुडाशी एक तांबूस थर उरतो. कुठे पातळ पापुद्रा, कुठे दाणेदार खर, कडेनं तेलाची रेघ. बहुतेक स्वयंपाकघरांत त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. लगेच त्यावर दुसरा घाणा पडतो, मग तिसरा. शेवटी सगळं मटण एकत्र होतं, मसाला पडतो, आधणाचं पाणी पडतं आणि जेवताना जिभेच्या मागच्या बाजूला एक कडवट चव रेंगाळत राहते. मग खोबरं खवट होतं, मसाला जुना होता, लवंग जास्त झाली, अशी कारणं निघतात. मला विचाराल तर मसाल्यावर आळ घेण्याआधी कढईच्या बुडाकडे बघावं. तो थर म्हणजेच खरपूड. ती दोन घाण्यांच्या मधे तशीच सोडून दिलेली असते, आणि घाण्यागणिक ती काळी होत गेलेली असते.

सोलापुरात मटणाची चर्चा मसाल्यापासून सुरू होते आणि मसाल्यापाशीच संपते. काळ्या मसाल्यात दगडफूल किती, तीळ किती, कांदा उन्हात वाळवून तळायचा की ओलाच, यावर माणसं तासन्‌तास बोलतील. बोलावंही, तो मसाला तसा मानाचाच आहे. पण मसाला येण्याआधी कढईत जे घडून गेलेलं असतं त्यावर कुणी बोलत नाही, आणि सुक्या मटणाची निम्मी चव तिथंच ठरते असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे मटणाच्या दोन रीती आहेत. एक रोजची. तेलावर आलं-लसूण, हळद, मीठ टाकून मटण परतायचं, वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतायचं आणि मटण आपल्याच पाण्यात शिजू द्यायचं. त्याचं पिवळंधमक अळणी आधी पोरांना वाटीतून मिळतं, मग उरलेल्याचा रस्सा. दुसरी रीत माझ्या आत्याची, साखर पेठेतली. ती फक्त सुक्यासाठी. तीत मटणाचे तुकडे आधी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कढईत थोडे थोडे करून खरपूस भाजून घ्यायचे, मग पातेल्यात शिजवायचे. कष्टाचं काम आहे. दोन किलो मटण आणि बारा इंची कढई असेल तर चार-पाच घाणे सहज होतात. म्हणून ही रीत आखाडातच निघायची. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे आषाढी होईपर्यंत आमच्या घरात मटणाचं नावही निघायचं नाही. पौर्णिमा सरली की मात्र श्रावण लागायच्या आत जेवढे रविवार-बुधवार सापडतील तेवढ्यांना बोलावणी जायची. सोमवार सिद्धेश्वराचा, तो वगळून.

आता मुळात घाणे कशाला? सगळं एकदम टाकलं तर काय बिघडतं? बिघडतं ते पाण्यामुळे. मटणात वजनाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. कढई गच्च भरली की तुकड्यांतून सुटलेलं पाणी बुडाशी साचतं, आणि जोवर तिथं पाणी आहे तोवर कढईची उष्णता ते पाणी उकळण्यात आणि वाफ करण्यात खर्च होते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचावर, त्यामुळे इथं पाणी शंभर अंशांच्या किंचित आधीच उकळतं. म्हणजे गच्च भरलेल्या कढईत मटण शंभरापाशीच अडकून बसतं. मटण खरपूस व्हायला पृष्ठभाग साधारण एकशेचाळीस अंशांच्या पुढं जावा लागतो. तो जात नाही, तुकडे राखाडी पडतात, उकडल्यासारखे दिसतात. नंतर कितीही जाळ केला तरी तोवर मांस आतून आवळून गेलेलं असतं.

आत्याला अंश-बिंश ठाऊक नव्हते. तिचा नियम एवढाच, की तुकड्याला तुकडा लागू द्यायचा नाही. आणि कढईत टाकण्याआधी मटण कोरडं हवं. धुतलेलं मटण ती चाळणीत निथळत ठेवायची आणि मग जुन्या सुती टॉवेलावर पसरून वरून दुसऱ्या टॉवेलानं टिपायची. सोलापुरात टॉवेल घरोघरी, पण या कामाला नवा कोरा टॉवेल चालायचा नाही, त्याचे तंतू मटणाला चिकटतात. अनेक धुण्यांत विरलेला, मऊ पडलेला टॉवेल त्यासाठी वेगळा ठेवलेला असायचा, आणि त्याला दुसरा कुणी हात लावलेला तिला खपायचं नाही.

तुकडे भाजले जात असताना बुडाशी काय साचतं? मांसातून झिरपलेला रस. त्यात प्रथिनांचे बारीक घटक असतात, थोडी साखर असते, क्षार असतात. पाणी उडून जातं आणि उरलेलं बुडाला चिकटून तांबूस होतं. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर उष्णतेनं एकमेकांशी जोडली जाऊन हा रंग आणि हा वास तयार होतो, हे फ्रान्सच्या लुई-कामिल मायार या रसायनशास्त्रज्ञानं 1912 साली मांडलं. तो काही स्वयंपाकाचा अभ्यास करत नव्हता, प्रथिनं कशी बनतात याचा शोध घेत होता. पण आज जगभर या क्रियेला त्याचंच नाव आहे. भाकरीच्या पोपड्यावर पडणारे डाग, भाजलेले शेंगदाणे, काळ्या मसाल्यातला तळलेला कांदा, सगळीकडे हीच क्रिया. भाजलेल्या शेंगदाण्याच्या आणि भाजलेल्या मांसाच्या वासात पायराझीन नावाच्या संयुगांचं एकच कुटुंब असतं. शेंगाचटणीवर जीव असलेल्या गावाला खरपूस मटण इतकं आपलं वाटतं, त्यामागं हेही एक कारण असेल असं मला मनापासून वाटतं.

ही क्रिया तांबूस रंगावर आपोआप थांबत नाही, आणि सगळी गोम तिथं आहे. तुकडे आपण उलटतो, काढतो, त्यांना विश्रांती मिळते. बुडाचा थर मात्र तिथंच राहतो, जाळाच्या सगळ्यात जवळ. पहिल्या घाण्यात सोनेरी, दुसऱ्यात तांबूस, तिसऱ्यात काळपट, चौथ्यात कोळसा. ज्या थरात सगळी गोडी होती तोच कडू होऊन बसतो, आणि नव्या घाण्याचे तुकडे ते कडूपण अंगाला लावून घेतात. एकदा कोळसा झाला की त्यातून चव परत मिळत नाही. त्यावर गूळ टाका, खोबरं वाढवा, काही होत नाही.

आत्याचं काम जवळून बघण्यासारखं होतं. एका शेगडीवर कढई, दुसरीवर अळण्याचं पातेलं, आणि त्या पातेल्याच्या झाकणात तापत ठेवलेलं पाणी. हे झाकणातलं पाणी आपल्याकडे घरोघरी असतंच, शिजत्या मटणाला गार पाणी लागू नये म्हणून. ती तेच वापरायची. घाणा ताटात काढला की आधी आच मंद. मग झाऱ्यानं सुटे कण वेचून घ्यायची, कारण मांसाचा चुरा सगळ्यात आधी करपतो. मग कढई फडक्यानं धरून तिरपी करायची आणि साचलेली चरबी वाटीत ओतून घ्यायची, चमचाभर तेवढी मागे ठेवायची. मग पळीनं झाकणातलं पाणी घेऊन कढईच्या कडेनं गोल फिरवत सोडायची. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि लगेच उलथनं. लोखंडी, सरळ धारेचं. ती खरवडायची नाही, नुसतं बुडावरून सरकवायची. पाणी थराखाली शिरलं की तो थर आपसूक सुटायचा, आधी कडेनं, मग मधून, आणि पारदर्शक पाणी बघता बघता चिंचोक्याच्या सालीच्या रंगाचं व्हायचं. सगळं मिळून पाव वाटी. ते ती दुसऱ्या वाटीत ओतून घ्यायची, कढई पुसायची, पुन्हा तेलाचा थेंब, आणि पुढचा घाणा.

आणि त्या वाटीत ओतण्याआधी बोट बुडवून चाखायची. प्रत्येक वेळी. ही गोष्ट मला तिच्या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटते. कारण चार घाण्यांचा रस एकाच वाटीत जमा होतो आणि त्यातला एक जरी करपलेला असला तरी तीन चांगले बुडतात. कडू लागलं की तो पाव वाटी रस मोरीत जायचा. त्याची हळहळ नाही. दोन किलो मटण वाचलं ना.

घाणे काढायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा आत्या मागे पाटावर बसून लसूण सोलत असायची. कढईकडे तिची पाठ. तरी वासावरून कळायचं तिला. "काळं होऊलालंय बघ पोरी, मार की पाणी!" मी म्हणायची, "अगं आत्या, अजून दोन तुकडे राहिलेत या घाण्यातले." "राहू दे. काढ ते, पुढच्या घाण्यात टाक."

प्रत्येक घाण्यानंतर पाणी मारायलाच हवं असंही नाही. पहिला घाणा लवकर झाला, बूड अजून सोनेरीच आहे, तर ते तसंच ठेवून दुसरा घाणा टाकावा. नव्या तुकड्यांतून सुटणारा ओलावा त्यातलं थोडं सोडवतोही. पण बूड तांबूस झालं की थांबायचं, मग बाहेर किती पानं मांडलेली असोत. आपली घाई होते ती इथंच. माणसं हात धुऊन बसलेली, भाकऱ्या गार होतायत, कुणीतरी आत डोकावून जातं, आणि पाणी मारून, ओतून, पुसून घ्यायची दोन मिनिटं जीवावर येतात. सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढं पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घरांची जेवणं पाळीवर चालली. आत्याचे यजमान पाळीवरून यायचे ते कडाडून भूक घेऊनच. तरीही तिनं कढई कधी गच्च भरली नाही. त्याऐवजी तासभर आधी उठायची.

पाणी गरमच का? बीड कडक असतं पण ठिसूळही. तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. शिवाय गार पाण्यानं कढई पार थंडावते आणि पुढच्या घाण्याला पुन्हा पहिल्यापासून ताप द्यावा लागतो. चरबी आधी काढायची तीही यासाठीच, तापल्या चरबीवर पाणी पडलं की ते उडून अंगावर येतं. आणि बिडात पाणीच बरं. टोमॅटो, चिंच, दही, लिंबू यांनी खरपूड सुटते खरी, पण आंबट पदार्थ तापल्या बिडात रेंगाळला की कढईला चढलेला तेलाचा काळा थर खातो आणि रसाला लोखंडी चव येते. स्टीलच्या भांड्यात टोमॅटो घालायला काही हरकत नाही.

हळद-तिखटाबद्दल माझा आग्रह जरा जास्तच आहे. भाजण्याआधी मटणाला फक्त मीठ. पूड मसाले फार बारीक असतात, मांसाला रंग येईपर्यंत ते जळून गेलेले असतात. आलं-लसणाचं वाटणही तसंच, त्यातली साखर बुडाला धरते. दह्यात मुरवलेलं मटण असेल तर दही बोटानं निपटून काढल्याशिवाय ते कढईत जाऊ नये. मटणाची खरपूड आणि मसाल्याची करपट या दिसायला सारख्या असतात, चवीला अजिबात नाहीत.

शेजारच्या काकू नेहमी सांगायच्या, की मटण आधी भाजलं की त्याला पापुद्रा धरतो आणि रस आत कोंडून राहतो. ही समजूत बरीच जुनी आहे. जर्मनीतला युस्टुस फॉन लीबिग हा मोठा रसायनशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात हेच सांगत होता, आणि त्याच्या नावाच्या वजनामुळे ते जगभर पसरलं. पुढं तपासून पाहिल्यावर ते खरं निघालं नाही. खरं तर ताटाकडे बघितलं तरी कळतं. काढून ठेवलेल्या भाजक्या तुकड्यांखाली पाच मिनिटांत लालसर पाणी साचतं. कोंडलं असतं तर साचलं नसतं. भाजण्यानं रस अडत नाही, चव तयार होते, आणि त्यातली बरीचशी कढईच्या बुडाशी राहते. ताटातलं ते पाणीही टाकू नये. मात्र ते पुढच्या घाण्यावरही ओतू नये, नाहीतर कढईत पुन्हा वाफच वाफ. ते वाटीत जावं.

त्या वाटीची खरी किंमत मला कळली ती गिरण्या बंद पडल्यानंतरच्या वर्षांत. पाळ्या गेल्या, पगार गेले, आखाड मात्र यायचाच. दोन किलोचं अर्धा किलो झालं आणि माणसं तेवढीच राहिली. अर्ध्या किलोत कुणाच्या ताटात किती तुकडे पडणार? आत्या तेव्हाही भाजूनच घ्यायची, आणि जमवलेली वाटी रश्शात घालायची. कडक भाकरी चुरून त्यावर तो रस्सा ओतला की वाळलेली ज्वारी तो सगळा ओढून घ्यायची आणि घास घास मटणाचा लागायचा. ज्याच्या ताटात एकच तुकडा आलाय त्यालाही. माझ्या धाकट्या भावानं तेव्हा एकदा विचारलं होतं, "आत्या, आज मटण जास्त आणलंस का?" ती काही बोलली नाही, त्याला आणखी एक पळी वाढली. चव वाढवायला पैसे लागत नाहीत असं मी म्हणणार नाही, लागतातच. पण विकत आणलेल्या मटणातला कणही वाया जाऊ न देणं तिच्या हातात होतं, आणि ते तिनं शेवटपर्यंत केलं.

आता माझा भाचा पुण्यात नोकरीला असतो. इंडक्शनवर स्वयंपाक करतो, जाड बुडाची स्टीलची कढई घेतलीय. त्याचा फोन येतो, "मावशी, सगळं चिकटून बसलंय, ओढलं तर फाटतंय." ओढू नको रे. स्टीलवर कच्चं मांस चिकटतंच. खालून नीट भाजलं गेलं की ते बहुतेक आपलं आपण सुटतं, तोवर हात लावायचा नाही. स्टीलचा एक फायदा असा, की बूड चकचकीत असल्यानं रंग अगदी स्पष्ट दिसतो. काळ्या बिडात तो दिसत नाही, तिथं वास आणि उलथन्याला लागणारी खरखर यांवरच चालावं लागतं. नॉनस्टिकमध्ये खरपूड नीट धरतच नाही, म्हणून मी त्याला सुक्या मटणासाठी ते वापरू नको म्हणून सांगितलं. पातळ जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलंही या कामाचं नाही, गॅसच्या ज्योतीच्या गोलावर ते तेवढंच करपतं आणि बाकीचं पांढरं राहतं.

आणखी एक फायदा सोलापूरकरांना वेगळा सांगायला नको. उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्या नळाला पाणी रोज नसतं. करपलेली कढई रात्रभर भिजवायची, मग घासायची, मग पुन्हा घासायची, म्हणजे बादलीभर पाणी गेलं. घाण्यागणिक बूड सुटत गेलं तर शेवटी कढई नुसत्या तांब्याभर पाण्यात निघते. बिडाला तेच मानवतं, तारेच्या चोथ्यानं कढईचा तेलाचा थर जातो.

शेवटच्या घाण्यानंतर मात्र पाणी मारायचं नाही. त्या बुडावर सरळ उभा चिरलेला कांदा टाकायचा, चिमूटभर मिठासकट. कांद्याला पाणी सुटतं आणि तो परतता परतता सगळी खरपूड स्वतःच्या अंगावर घेतो. कांदा तांबूस झाला की आलं-लसूण, मग आच मंद करून काळा मसाला आणि भाजून वाटलेलं सुकं खोबरं. तेल सुटायला लागलं की ताटातले तुकडे, त्यावर वाटीतला रस आणि झाकणातलं गरम पाणी. मटण मऊ होईपर्यंत झाकण, मग झाकण काढून पाणी आटेपर्यंत परतणं. रस वाटीच्या तळाशी बसलेल्या गाळासकट घालावा, आधी चाखून घेतलेला असल्यामुळे भीती नसते. मीठ मात्र अगदी शेवटी. तुकड्यांना लावलेलं मीठ त्या रसात उतरलेलं असतं आणि आटून तीव्र होतं. सुकं पूर्ण आटल्यावर एक तुकडा तोडून चाखावा, मग लागलंच तर वरून घालावं. बहुतेक वेळा लागत नाही.